सात जणांची सनद

तो आत गेला आणि कंपनीच्या गावाचा कारभार बघणारे नगरसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. एवढंच झालं. पण दाराशीच थांबून त्याने मागे वळून पाहिलं. आपल्या पाठोपाठ कोणी बडी असामी आली असणार अशी त्याची खात्री होती. मागे कोणीच नव्हतं. लांबलचक व्हरांडा आणि त्याच्या टोकाला फरशी पुसणारी बाई. साहेब उभे राहिले होते ते त्याच्यासाठी. "या, या, बसा," ते म्हणाले आणि स्वतःच्या हाताने त्यांनी समोरची खुर्ची जराशी मागे ओढली. कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागल्यापासून तो या खोलीत येत आला होता, काखेत भट्टीच्या धुराड्यांचे नकाशे घेऊन. टेबलापलीकडचे साहेब बदलत गेले, पण रीत कधी बदलली नाही. नकाशा पसरायचा, चार बोटांनी कडा दाबून धरायच्या आणि उभं राहायचं. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, हातात नकाशा नव्हता, आणि साहेब खुर्ची ओढत होते. तो बसला खरा, पण मागे टेकावं की पुढे सरकून बसावं हे त्याला ठरवता येईना, म्हणून मधल्यामध्ये कुठेतरी अवघडून राहिला. साहेबांनी चहा मागवला. तब्येत विचारली. "वहिनी काय म्हणतात? मुलगी शहरात शिकवते ना अजून?" आपल्याला मुलगी आहे हे साहेबांना ठाऊक असेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग साहेबांनी कप खाली ठेवला आणि ते हसून म्हणाले, "मंगळवारचं लक्षात आहे ना? तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुम्ही तर घरचेच." साहेब खुंटी हलवून बळकट करत होते, हे न कळण्याइतका तो दूधखुळा नव्हता. पण ते त्याला दारापर्यंत पोचवायला आले, आणि जिना उतरताना त्याला कठडा धरावा लागला.  लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून खाली उतरून पहिल्यांदा समुद्रासमोर उभा राहिला होता, तेव्हा त्यांचा हात धरला होता तसा.

कंपनी काचेची होती. खिडक्यांची काच, गाड्यांची काच, दुकानांची, दवाखान्यांची. अर्ध्या देशाने घराबाहेर बघायचं ते कंपनीच्या काचेतून. फार पूर्वी, जेव्हा इथे तळं, दलदल आणि वाळू यांखेरीज काही नव्हतं, तेव्हाच्या सरकारने कंपनीला एक सनद लिहून दिली होती. रस्ते तुम्हीच बांधा, पाणी तुम्हीच पुरवा, इमारतींना परवानगी तुम्हीच द्या, कर तुम्हीच घ्या, आग लागली तर तुम्हीच विझवा; आम्ही मधे पडणार नाही. अट एकच, की हा सगळा कारभार तिथल्या जमीनमालक रहिवाशांच्या संमतीने चालवा. तिथे रहिवासी नव्हते. कंपनीने मग जशी काच केली तसे रहिवासीही केले. नोकरांतली मऊ स्वभावाची, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी मोजकी माणसं निवडली, वाळूच्या ढिगांमागच्या एका गल्लीत त्यांना घरं दिली आणि दलदलीत प्रत्येकाच्या नावावर एकेक तुकडा करून दिला, पलंगावरच्या चादरीएवढा. झाले जमीनमालक, झाले रहिवासी. रोज सकाळी बसगाड्या भरभरून येणारे हजारो कामगार राहायचे शहरात. त्यांना इथे मत नव्हतं. मत होतं गल्लीतल्या सात जणांना. कामगार त्या गल्लीला राजगल्ली म्हणत, आणि एखादा कॅन्टीनच्या रांगेत भेटला की बाजूला होऊन म्हणत, "जाऊ द्या महाराजांना पुढे." सातही जण हसत आणि पुढे जात. कंपनीच्या वकिलांनी सनदेत आणखी एक ओळ घालून घेतली होती: या रहिवाशांच्या संमतीवाचून सनद कोणत्याही सरकारला रद्द करता येणार नाही. बाहेर जाताना किल्ली आपल्याच खिशात ठेवावी, इतक्या सहज त्यांनी ती ओळ घातली असणार.

त्याला राजा केला तेव्हा तो तिशीचा होता आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको कंपनीच्या टेलिफोनवर होती. दिवसभर कानाला ते यंत्र लावून "धरून ठेवा, जोडून देते" म्हणायची. सगळ्यांची बोलणी तिच्या कानावरून जात, पण संध्याकाळी घरी येताना ती त्यातला एक शब्दही बरोबर आणत नसे. तेव्हाच्या नगरसाहेबांना दोघं एकदमच पसंत पडली. एका घरात दोन मतं, म्हणजे कंपनीचं एक घर वाचलं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे हातभर ओटा, आणि खिडकीला कंपनीच्या सगळ्यात चांगल्या प्रतीची काच. खिडकीतून भट्टीची इमारत दिसायची. तिच्या झरोक्यांतून जो उजेड यायचा त्याला रंगाचं नाव देणं त्याला कधी जमलं नाही. भट्टी वर्षानुवर्षं विझत नसे. विझली तर आतली काच थिजून सगळी भट्टीच फोडावी लागली असती. नवीन असताना एकदा त्याला निळी काच डोळ्यांपुढे धरून आत बघू दिलं होतं. आत ज्वाळा बिळा काही नव्हत्या. एक शांत, जड, प्रकाशाचं तळं होतं आणि ते अगदी सावकाश, स्वतःच्या मर्जीने, एका बाजूला सरकत होतं. त्याला तिथून हलावंसं वाटेना. शेजारी उभे असलेले भट्टीवाले काका म्हणाले होते, "बघून घे. मी इतकी वर्षं बघतोय, अजून तोंड उघडंच राहतं." पुढे काकाही राजगल्लीत आले.

सभा वर्षातून एकदा, कॅन्टीनच्या वरच्या खोलीत. भट्टीवाले काका, दवाखान्यातली सिस्टर, पॅकिंगमधले दोघे भाऊ, कॅन्टीनचे जुने मॅनेजर आणि ही दोघं नवराबायको. नगरसाहेब एकेक विषय वाचायचे. अमुक रस्ता रुंद करणे. तमुक ठिकाणी पूल. तळ्याच्या काठी नवीन धुराडं. प्रत्येक विषयाच्या शेवटी साहेब मान वर न करता म्हणत, "मंजूर?" आणि सात हात वर जात. मग चहा, बिस्किटं, आणि साहेब बरे असतील तर एखादा विनोद. एका वर्षी त्याला सभेत डुलकी लागली, आणि "मंजूर?" ऐकताच झोपेतच त्याचा हात वर गेला. सगळे पोट धरधरून हसले, साहेबही हसले. तोही हसला. पण घरी येताना मनात कुठेतरी त्या हाताचा धाक बसला. आपण झोपलो होतो, मग हात वर कोणी केला? आणि त्याहून मोठं नवल म्हणजे सात हात वर गेले की काही महिन्यांनी खरोखरच पूल उभा राहायचा. पाण्यातून खांब वर यायचे, क्रेनच्या तोंडातून लोखंडी तुळया लोंबकळायच्या, माणसं मुंग्यांएवढी दिसायची. तो बायकोला घेऊन बघायला जायचा. भट्टीवाले काका एकदा पुलावर थुंकायला वाकले आणि न थुंकताच सरळ होऊन म्हणाले, "काय हो, आपण हात वर केला नसता तर हा पडला असता का?" तेव्हाही सगळे हसले होते. पुलाखालचं पाणी मात्र कोणाचंच नसल्यासारखं वाहत होतं.

आणि आता हे. शहरातले बसड्रायव्हर संपावर गेले होते, आणि सरकारने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना चौकशीवाचून आत टाकलं होतं. कंपनीच्या मोठ्या बाई, म्हणजे मालकीणबाई, कुठल्याशा कॉलेजात बक्षीस समारंभाला गेल्या आणि तिथे बोलता बोलता म्हणाल्या, "माणसाचं म्हणणं न ऐकता त्याला कोंडून ठेवणं बरं नाही." एवढं एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या वर्तमानपत्रांत आलं, आणि तिसऱ्या दिवशी मंत्र्यांनी विधिमंडळात उभं राहून कंपनीची सनद वाचून दाखवली. तोपर्यंत ती सनद कोणत्याही सरकारला खुपली नव्हती. याच मंत्र्यांनी कंपनीच्या नव्या इमारतीची फीत कापली होती. आता ते म्हणाले, "बाई आम्हाला शिकवतात. ठीक आहे. त्यांच्या गावात त्या किती जणांचं म्हणणं ऐकतात? सात. तेही आधी विचारून घेऊन निवडलेल्या सातांचं." सभागृह हसलं म्हणे. आणि मग मंत्र्यांनी डाव टाकला. सनद रहिवाशांच्या संमतीनेच जाते ना? मग घ्या संमती. फक्त हात वर करून नाही. सरकारचा अधिकारी येईल, सरकारी पेटी येईल, आणि प्रत्येक जण पडद्याआड जाऊन एकट्याने शिक्का मारेल. राहावी की जावी. चार मतं ज्या बाजूला, तो निकाल.

त्याने वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं. 'आधी विचारून घेऊन' हे शब्द डोक्यातून हलेनात. कारण ते खोटं होतं. त्याला कोणीही, कधीही, काहीही विचारलं नव्हतं.

मुलीचा फोन आला. ती शहरातल्या शाळेत शिकवायची, आणि तिच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील त्या ड्रायव्हरांत होते. "बाबा, हा नुसता सूड आहे," ती म्हणाली. "बाई एक वाक्य खरं बोलल्या त्याचा." तो म्हणाला, "मग राहावी म्हणतेस?" तिकडून उत्तर आलं, "पण मंत्री बोलला तेही खोटं नाही ना. तुम्ही दोघं तिथे इतकी वर्षं काय करत होता, मला मैत्रिणींना सांगायला लाज वाटायची." त्याने विचारलं, "मग यात चांगलं कोण?" ती म्हणाली, "चांगलं कोणी असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?" आणि मग जरा नरम होऊन म्हणाली, "घराचा विचार करा. सनद गेली तर घर जाईल. माझ्याकडे एकच खोली आहे." ते त्याला ठाऊकच होतं. घर मतदाराला होतं. मतदारच उरला नाही तर घर कसलं? या वयात दोन खोल्या बांधून, कपाटं उतरवून, भिंतीवरचे खिळे उपटून जायचं कुठे? रात्रीच्या जेवणाला दोघं समोरासमोर बसली. बायकोने विचारलं, "गुप्त म्हणजे अगदी गुप्त? म्हणजे तुम्हालाही सांगायचं नाही?" तो म्हणाला, "कायदा तसाच आहे म्हणे." ती "बरं" म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात वाढलं. त्याला वाटलं होतं ती हसेल, म्हणेल, आपल्यात कसलं गुप्त आलंय. ती तसं म्हणाली नाही. त्या दिवसापासून दोन खोल्यांच्या त्या घरात एक तिसरी खोली असल्यासारखं झालं. तिला दार होतं, पण दोघंही तिच्यावरून जाताना पाय न वाजवता जायची. बोलायची मात्र पूर्वीपेक्षा जास्त; भाजी, गुडघे, शेजारची सिस्टर, नळाचं पाणी.

रविवारी बायको म्हणाली, "आपली जमीन बघून येऊ या का हो?" इतक्या वर्षांत ती त्यांनी पाहिली नव्हती. बघायचं काय त्यात? कागदावर होती, तेवढी पुरे होती. बस शेवटच्या थांब्यापर्यंतच जात होती. पुढे बांधावरून चालत जावं लागलं. एका बाजूला कंपनीची भिंत संपत संपत गेली, मग तारेचं कुंपण, मग तेही संपलं. आणि मग एकदम काहीच उरलं नाही. म्हणजे गवत होतं, पाणी होतं, आभाळ होतं, पण त्यांना कुठे टोकच नव्हतं. आयुष्यभर त्याने या जागेचे नकाशे काढले होते. तळं हे असं, दलदल ही अशी, फिकट निळ्या आडव्या रेघा, की झालं. त्या रेघांच्या आत हे एवढं होतं याची त्याला कल्पना नव्हती. वारा गवतावरून यायचा तेव्हा सगळी दलदल कूस बदलल्यासारखी हलायची. कुठेतरी अगदी जवळ पाण्यात काहीतरी बुडबुडलं. मागे भट्टीचं धुराडं दिसत होतं. ज्याची उंची त्याने स्वतः आखली होती, ज्याच्याकडे बघताना त्याची मान दुखायची, ते इथून करंगळीच्या नखाएवढं होतं. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. बायको पुढे गेली होती. तिला आकड्यांचे दगड सापडले, गवतात अर्धे बुडालेले. तिच्या नावाचा चौकोन आणि त्याच्या नावाचा चौकोन, शेजारी शेजारी. ती चपला काढून आपल्या चौकोनात उभी राहिली. जमीन भिजलेली होती, तिच्या बोटांमधून पाणी वर आलं. तोही कौतुकाने तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, नेहमी राहायचा तसा. ती म्हणाली, "बाजूला व्हा. ही माझी जागा आहे." थट्टाच होती ती. तिच्या डोळ्यांत हसू होतं. पण तो बाजूला झाला, आपल्या चौकोनात गेला आणि उभा राहिला. दोघांत हातभर अंतर होतं. आपण उभे आहोत ही जागा आपली आहे, इथून आपल्याला कोणी उठवू शकत नाही, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला एकदम गरगरल्यासारखं झालं. इतक्यात कसला तरी आवाज झाला, आणि गवतामागून पांढरे पक्षी उठले. एक नव्हे, दहा नव्हे, सबंध पाणीच उठल्यासारखे उठले, आणि त्यांच्या पंखांचा आवाज छातीत जाणवला. कोणी कोणाला विचारलं नसावं. कोणी हुकूम दिला नसावा. दोघं तोंड उघडं टाकून बघत राहिली. परतताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती, आणि काय विचार करतेस, असं तिला विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो कायद्याला घाबरला.

मंगळवारी कॅन्टीनच्या वरची खोली ओळखू येत नव्हती. टेबलं भिंतीला लावलेली, मधे पुठ्ठ्याचा पडदा, आणि नगरसाहेबांच्या जागेवर सरकारी अधिकारी बाई. चष्मा, सुती कपडे, हाताशी पाण्याची बाटली. नगरसाहेबांना खोलीत बसायची परवानगी नव्हती. ते खाली कॅन्टीनमध्ये बसले होते, आणि वर येताना प्रत्येकाला उठून नमस्कार करत होते. दाराशी पोलीस होता. त्याने राजगल्लीतल्या सात जणांना आळीपाळीने पाहिलं आणि अधिकारी बाईंना हळूच विचारलं, "बाकीचे कधी येणार?" "एवढेच आहेत," बाई म्हणाल्या. सातही जण ओळीने बाकावर बसले होते, बरे कपडे घालून, एकमेकांच्या नजरा चुकवत. पॅकिंगमधले दोघे भाऊ, जे सभेला एकाच खुर्चीवर बसल्यासारखे बसायचे, ते बाकाच्या दोन टोकांना होते. सिस्टर आपल्या नखांकडे बघत होती. भट्टीवाले काका त्याच्याकडे झुकून पुटपुटले, "सवयीने हात वर करायचो मी तिथं पडद्यामागं. दिसणार नाही म्हणा कोणाला." तो हसला. बायकोचं नाव त्याच्या आधी पुकारलं. ती उठली, पदर सारखा केला आणि पडद्याआड गेली. पडद्याखालून तिची पावलं दिसत होती. ती बराच वेळ हलली नाहीत. मग शिक्क्याचा आवाज आला, आणि ती बाहेर येऊन, पेटीत कागद टाकून, त्याच्या शेजारी येऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. टेलिफोनवर बसायची तेव्हा असायचा तसा चेहरा, सगळं ऐकून काही न ऐकलेला.

मग तो आत गेला. आत एक छोटं टेबल, त्यावर शाईची गादी, शिक्का आणि कागद. कागदावर दोन चौकोन. राहावी. जावी. त्याने शिक्का उचलला. बाहेर कोणी तरी खोकलं. त्याला वाटलं होतं आत आल्यावर आपण घाबरू, घाम फुटेल. तसं काही झालं नाही. फार मोठ्या, फार उंच छपराच्या रिकाम्या इमारतीत शिरल्यासारखं वाटलं. इथे साहेब नव्हते. मंत्री नव्हते. मोठ्या बाई नव्हत्या. बायकोसुद्धा नव्हती. पुठ्ठ्याच्या तीन बाजूंच्या आत तो एकटा होता, आणि बाहेर भट्टी, पूल, रस्ते, हजारो कामगार, विधिमंडळ, सगळं थांबून राहिलं होतं. राहावी, तो मनात म्हणाला, राहावीच. घर आहे. आणि सूड घेणाऱ्याच्या हाती कोलीत कशाला द्या? त्याने शिक्का शाईला लावला. आणि मग त्याच्या मनात आलं की निकाल तर ठरलेलाच आहे. बाहेर सहा जण आहेत. त्या सहा जणांनी आयुष्यात कधी कोणत्या गोष्टीला नाही म्हटलेलं नाही. काका नाही म्हणणार नाहीत, सिस्टर नाही म्हणणार नाही, बायको तर नाहीच नाही. सहा मतं पडली की पडली. सनद राहते, घर राहतं, मंत्र्याचं नाक कापलं जातं, सगळं जिथल्या तिथे राहतं. मग त्याच्या या एका शिक्क्याने कोणाचं काय बिघडणार होतं? एकदाच. फक्त कसं लागतं ते बघायला. हा हात तसं करू शकतो का, एवढंच. त्याने हाताकडे पाहिलं. म्हातारा हात होता, आखणीने तर्जनीला घट्टा पडलेला. तो पुढे गेला आणि दुसऱ्या चौकोनावर टेकला. त्याने तो दाबला. त्याच्या तोंडून बारीकसा आवाज आला, उकळता चहा प्यायल्यावर येतो तसा. कागदाची घडी घालताना त्याला इतकं हलकं, इतकं उंच वाटत होतं की पडद्याबाहेर येताना तो चुकून वाकला.

मोजायला वेळ लागला नाही. अधिकारी बाईंनी पेटी उघडून पालथी केली. सात घड्या टेबलावर पडल्या. त्यांनी पहिली उलगडली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि म्हणाल्या, "जावी." त्याच्या कानशिलांत रक्त आलं. पहिलंच आपलं निघालं. आता सगळे एकमेकांकडे बघतील, कोण म्हणून. पण कोणीच बघितलं नाही. सगळे टेबलाकडेच बघत होते. बाईंनी दुसरी घडी उलगडली. "जावी." त्याला वाटलं त्यांनी तोच कागद पुन्हा उचलला. तिसरी. "जावी." बाकावर कोणाचा तरी श्वास अडकला. चौथी उलगडताना बाई क्षणभर थांबल्या, चष्मा वर सरकवून त्यांनी कागद पुन्हा पाहिला. "जावी." झालं. सनद गेली. घर गेलं. बाईंना पुढे वाचायची तशी गरज नव्हती, पण कायद्याने वाचावं लागत असणार, त्या वाचत राहिल्या. पाचवी, सहावी. प्रत्येक वेळी तोच शब्द, त्याच सुरात, आणि प्रत्येक शब्दागणिक त्याच्या छातीवर काहीतरी चढत गेलं. सहावीला त्याने श्वास रोखला. अजून एक उरली होती. देवा, तो मनात म्हणाला, ही एक तिची असू दे. नेहमीसारखी. ही एक तरी राहावी असू दे. बाईंनी सातवी घडी उलगडली, आणि आधीच्या सहांवर नीट ठेवली. मग म्हणाल्या, "जावी," आणि चष्मा काढून बाकाकडे पाहिलं. त्यांनी बरीच मतदानं घेतली असतील. पण समोर बसलेल्या त्या सात म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे त्या अशा बघत होत्या, जणू त्यांना आदराने उठून उभं राहावंसं वाटत होतं. बाकावर कोणी हलत नव्हतं. सिस्टरने तोंडावर हात घेतला होता. पॅकिंगमधला धाकटा भाऊ थोरल्याकडे डोळे फाडून बघत होता. आणि भट्टीवाले काका, ज्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते अगदी हळू म्हणाले, "मला वाटलं, मी एकटाच."

खाली नगरसाहेबांना निकाल कळला असावा, कारण खुर्ची पडल्याचा आवाज आला, आणि मग कोणी तरी बाहेर घोषणा द्यायला लागलं. सरकारची माणसं असणार. उद्या मंत्री म्हणतील, जिंकलो. म्हणू देत. त्यातलं त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. तो बायकोच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला. ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. त्याला तिची पाठ दिसत होती, मानेवरचा पांढरा अंबाडा, खांद्यावरची शिवण, जी त्याने हजारदा पाहिली होती. ही बाई त्याच्या शेजारी प्रत्येक सभेला बसली होती, आणि तिचा हात त्याच्या हाताबरोबर वर गेला होता. इतका बरोबर, की तो कधी तिकडे बघायच्या भानगडीत पडला नव्हता. "तू का?" त्याने विचारलं. मागे न वळता ती म्हणाली, "तुम्ही आहात ना, म्हटलं. तुम्ही कुठे नाही म्हणताय. घर राहीलच." मग तिने विचारलं, "आणि तुम्ही?" तो म्हणाला, "मीही तेच म्हटलं." तिचे खांदे हलले. हसते आहे की रडते आहे ते त्याला कळेना, आणि तिच्याबद्दल एवढीशी गोष्टही आपल्याला कळत नाही हे समजून त्याचा जीव दडपला. भट्टीत पहिल्यांदा डोकावला होता तेव्हासुद्धा तो इतका दिपला नव्हता. राहायचं कुठे, हा प्रश्न अजून तसाच होता, आणि संध्याकाळी घरी जाऊन त्याचाच विचार करावा लागणार होता. पण त्याला आत्ता काही तरी वेगळंच विचारायचं होतं. ते विचारायची त्याला भीती वाटत होती, आणि विचारल्यावाचून एक पायरी उतरणं शक्य नव्हतं.

"इतक्या वर्षांत," तो म्हणाला, "आणखी कशाकशाला नुसताच हात वर केलास गं? माझ्याबरोबर?"

ती वळली. तिने त्याच्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ, मुक्कामाला आलेल्या अनोळखी माणसाला आत घ्यावं की नाही हे ठरवताना बघावं तसं. मग ती पायरीवर बसली आणि शेजारची जागा तिने हाताने झटकली.

"बसा," ती म्हणाली. "सांगते."